टेंट टाकण्याआधी पाणी ओळखा : वैतरणा–भंडारदरा कॅम्पिंगचं प्लॅनिंग

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावण्यापेक्षा ज्यांना वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. थंडी पडली की ग्रुपमध्ये मेसेज येतो, "चला, लेकसाइड कॅम्पिंग!" पण प्लॅन कसा करायचा? साधारणपणे यादी टेंट, बार्बेक्यू आणि स्पीकरपासून सुरू होते. मी पाण्यापासून सुरू करणार आहे. कारण आपल्या पट्ट्यात ज्याला आपण "लेक" म्हणतो, ते बहुतेक सगळे धरणांचे जलाशय आहेत. तिथलं पाणी कधी वाढणार, कधी उतरणार, हे पावसाइतकंच माणसंही ठरवतात. एवढं कळलं की अर्धा प्लॅन आपोआप बसतो.

आधी नकाशा बघू. विरार सोडून डहाणूकडे निघालं की लोकल वैतरणेचा पूल ओलांडते. हीच नदी पुढे अर्नाळ्याच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. ती येते कुठून? नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या डोंगरातून. गंमत म्हणजे गोदावरीही तिथलीच. एक पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेली, दुसरी पश्चिमेला आपल्या दारात आली.

वैतरणेवर वरून खाली येताना तीन मोठी धरणं लागतात. इगतपुरी तालुक्यात अप्पर वैतरणा, मग २०१४ मध्ये लोकार्पण झालेलं मध्य वैतरणा, आणि त्याखाली मोडक सागर. तिन्हींचं पाणी मुंबई पिते. तिची उपनदी तानसा, तिच्यावरचं तानसा धरण तर १८९२ चं. आपल्या वसई-विरारच्या नळाला ज्या सूर्या नदीचं पाणी येतं, तीही वैतरणेलाच मिळते.

मग टेंट कुठे टाकायचा? तानसा आणि मोडक सागर डोक्यातून काढून टाका. ती पिण्याच्या पाण्याची राखीव ठिकाणं आहेत, आणि तानसाभोवती अभयारण्य आहे. परवानगीशिवाय तिथे रात्र काढायची नाही. कॅम्पिंगसाठी लोक जातात ते अप्पर वैतरण्याच्या परिसरात किंवा थोडं पुढे भंडारदऱ्याला. भंडारदरा म्हणजे प्रवरा नदीवरचं विल्सन धरण, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं. अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. समोर १६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर.

आता महिना. पावसाळ्यात तळ्याकाठी टेंट नकोच. पाणी एका रात्रीत चढतं, ओढे फुगतात, आणि धबधबे-धरणांजवळ जायला जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून नव्या कायद्याच्या कलम १६३ खाली निघतात. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला काजवे असतात, पण तेव्हा गर्दी आणि वळवाच्या विजा दोन्ही असतात. निवांत हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

या महिन्यांत जलाशय भरलेला असतो आणि हळूहळू उतरत असतो. काठाकडे नीट बघा. झुडपं संपतात तिथून पाण्यापर्यंत एक उघडा पट्टा दिसतो. पावसाळ्यात तो पाण्याखाली होता. वरून तो सुकलेला वाटतो, पण पाण्याजवळ पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत रुततो. टेंट या पट्ट्याच्या वर, झुडपांच्या बाजूला टाका. आणखी एक, हा पट्टा रिकामा पडलेला असेलच असं नाही. पाणी उतरलं की गावातले लोक तिथे गाळपेर करतात, म्हणजे गाळाच्या जमिनीवर पीक घेतात. तुमचा टेंट कुणाच्या तरी हरभऱ्यात असू शकतो. आधी गावात विचारा, "दादा, इथे राहिलो तर चालेल का?" हा एक प्रश्न विचारला की चांगली जागा, पिण्याचं पाणी आणि बऱ्याचदा पिठलं-भाकरीसुद्धा मिळते.

धरणाच्या खाली, नदीच्या पात्रात मात्र कुठल्याच महिन्यात टेंट नको. ऐन जानेवारीत, आकाशात एक ढग नसताना पात्र भरू शकतं. शेतीसाठी धरणातून पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. अप्पर वैतरण्यातून सोडलेलं पाणीही नदीतूनच खालच्या धरणांकडे जातं. भंडारदऱ्याचा प्रसिद्ध अंब्रेला फॉल माहितीये ना? तो धरणातून पाणी सोडलं की सुरू होतो आणि बंद केलं की थांबतो. तेच पाणी तुमच्या अंथरुणापर्यंतही येऊ शकतं. पात्रातला तो गोल गोट्यांचा सपाट बेट फोटोत छान दिसतो. त्याचा फोटो काढा आणि वर या.

आता पोहणं. आपल्यापैकी बरेच जण वसईच्या बावखलात नाहीतर समुद्रात पोहायला शिकलेत. म्हणून "मला येतं रे" हे वाक्य आपल्याकडे जरा लवकर निघतं. बावखलाचा काठ, खोली सगळं आपल्या ओळखीचं असतं. जलाशयाखाली बुडालेली शेतं, बांध, विहिरी आणि नदीचं जुनं पात्र असतं. दोन पावलं कमरेइतकं पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही. समुद्राचं खारं पाणी जितकं उचलून धरतं, तितकं हे गोडं पाणी धरत नाही. वर थंडीत अचानक उडी मारली की दम लागतो. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो. त्यामुळे नियम सोपा ठेवा. लाइफ जॅकेट नाही तर पाण्यात नाही, आणि दारू प्यायलेला माणूस काठाजवळही नाही. बोटिंग असेल तरी हेच. मी गेलो होतो त्या एका कॅम्पवर "जवळच तर जायचंय" म्हणत जॅकेटशिवाय बोटीत बसवत होते. आम्ही बसलो नाही. पैसे बुडाले, एवढंच.

रात्रीचा धोका थंडीचा नाही, थंडीवरच्या उपायाचा आहे. कोळशाची शेगडी टेंटमध्ये घेऊन झोपू नका. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. शेगडी बाहेर ठेवा, आत जाड चादर आणि कोरडे मोजे.

जायचं कसं? विरारहून दादर, तिथून कसारा लोकल. पुढे एसटी किंवा शेअर जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि भंडारदऱ्यासाठी शेंडी गाव. परतीची गाडी जातानाच विचारून घ्या. काठावर रेंज जाते, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. १०८ ही मोफत रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन नंबर. सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे गावात पोचल्यावर लगेच विचारा. साप चावला तर जखम कापणं, चोखणं काही करायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, चालवायचं नाही आणि थेट दवाखान्यात न्यायचं.

शेवटचं. घरी कुणाला तरी गावाचं नाव, कॅम्पवाल्याचा नंबर आणि परतीची वेळ लिहून पाठवा. "मित्रांबरोबर जातोय" हा पत्ता नाही. रात्री काही झालंच तर शोधणाऱ्याला सुरुवात कुठून करायची, हे त्या एका मेसेजमुळे कळतं.

आणि कचरा परत आणा, मंडळी. अप्पर वैतरण्याच्या काठावर टाकलेली पिशवी ज्या पाण्यात जाईल ते कुणाच्या तरी नळाचं आहे, आणि त्या नदीचं शेवटचं टोक आपल्या अर्नाळ्याला आहे.

तुमच्या ग्रुपमधल्या "मला येतं रे" म्हणणाऱ्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!