देवगिरीचे ताल बंदिवासांत

पाश्चात्य संगीतांत आपल्या मनास ओळखीचें असें कांहीं सांपडावयाचें नाहीं, अशी आपल्यापैकीं अनेकांची समजूत असते. ओलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकारांचें 'काळाच्या अंतासाठीं वाद्यचतुष्क' ऐकल्यावर ती टिकणें कठीण आहे.

१९४० सालीं, दुसऱ्या महायुद्धांत, मेसियां जर्मन सैन्याच्या हातीं सांपडले आणि गोर्लिट्झजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणींत त्यांची रवानगी झाली. त्यांच्यासोबत कैदेंत एक व्हायोलिनवादक, एक चेलोवादक व एक क्लॅरिनेटवादक असे तिघे होते; पियानो ते स्वतः वाजवीत. एवढ्याच सामग्रीवर त्यांनीं आठ भागांची ही रचना सिद्ध केली. १५ जानेवारी १९४१ रोजीं, कडाक्याच्या थंडींत, कैदी आणि पहारेकरी यांच्यासमोर ती प्रथम वाजविली गेली.

कैद्याचें संगीत म्हणजे विलाप असावयाचा, अशा अपेक्षेनें ऐकूं लागावें, तों पहिल्याच भागांत पहांटेचे पक्षी किलबिलूं लागतात. तिसऱ्या भागांत क्लॅरिनेट एकाकी आहे. ऐकूं येईल न येईल इतका बारीक सूर हळूहळू फुगत जाऊन कान भरून टाकतो, आणि त्या विषण्णतेंतूनच पुन्हा पक्ष्याची मुक्त तान निघते. सहाव्या भागांत चारही वाद्यें एकच स्वरपंक्ति एकमुखानें गर्जतात. तेथें रौद्र आणि भयानक हे रस मूर्तिमंत उभे राहतात. परंतु पांचव्यांत चेलो आणि आठव्यांत व्हायोलिन पियानोच्या संथ ठोक्यांवर जें गातात, तो निखळ शांतरस होय.

आतां या रचनेचें आपल्याशीं असलेलें नातें पाहूं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांतील देशी तालांचा मेसियांनीं अभ्यास केला होता. पहिल्या भागांतील पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांच्या जोडणीनें बनली आहे. तिचें आवर्तन १७ आघातांचें. तिच्यावर फिरणारी, एकाच वेळीं वाजणाऱ्या स्वरसमूहांची माळ मात्र २९ मण्यांची. दोन्ही एकदमच सुरू होतात. पण त्यांचे आरंभ पुन्हा जुळण्यास ४९३ आघात लागावेत, आणि हा भाग तर त्यापूर्वींच संपतो.

आपला श्रोता समेकडे कान लावून बसतो. येथें ती सम आटोक्याबाहेर ठेवलेली आहे, आणि त्यांतच रचनेचें मर्म आहे. बायबलच्या शेवटल्या ग्रंथांत, यापुढें काळ उरणार नाहीं, अशी घोषणा देवदूत करतो; धर्मनिष्ठ मेसियांनीं आपल्या कृतीचें नांव तीवरूनच घेतलें. ज्याला दिवस मोजण्यावांचून दुसरा उद्योग ठेवलेला नाहीं, अशा कैद्यानें मोजतां न येणारा काळ स्वरांत उभा करावा, यापरती स्वातंत्र्याची दुसरी खूण कोणती?

संबंध रचना पाऊण तासाहून थोडी अधिक चालते. नवख्या श्रोत्यानें, रात्रीं घरांत निजानीज झाल्यावर, प्रथम पांचवा भाग ऐकावा. मग आरंभापासून सर्व ऐकण्याची इच्छा आपोआप होईल.