महाधमनीच्या झडपेतील जन्मदोष : निदान अवघड का ठरते?

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत खेळणारे, शाळेत जाणारे आणि वरकरणी पूर्णपणे निरोगी असलेले मूल हृदयात जन्मदोष घेऊन वावरत असू शकते. महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेला सामान्यतः तीन पाकळ्या असतात. शंभरातील एक ते दोन व्यक्तींमध्ये मात्र त्या जन्मतःच दोन असतात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हा दोष अधिक आढळतो.

बालपणी ही झडप बहुधा व्यवस्थित उघडत असल्याने कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा हृदयातील अस्पष्ट आवाज कित्येकदा निरुपद्रवी समजला जातो. आपल्या देशात संधिवाताच्या तापामुळेही झडपा खराब होतात. त्यामुळे मूळ कारणाविषयी गल्लत होऊ शकते. संधिवाताच्या विकारात बहुधा द्विदल झडपही बाधित असते, हा फरक डॉक्टरांना उपयोगी पडतो.

इकोकार्डिओग्राफी ही निदानाची मुख्य चाचणी होय. तथापि, दोन पाकळ्या जुळल्या असतील, तर त्या जोडाच्या रेषेमुळे मिटलेली झडप तीन पाकळ्यांची भासते. म्हणून ती उघडताना पाहणे आवश्यक असते. उतारवयात कॅल्शियम साचल्यावर पाकळ्या मोजणे आणखी कठीण होते. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा आधार घ्यावा लागतो.

नवजात बालकात झडप अतिशय अरुंद असेल, तर धोका तातडीचा असतो. जन्मानंतर काही दिवसांत विशिष्ट रक्तवाहिनी बंद होताच बाळ एकाएकी अत्यवस्थ होते. हृदय दुबळे झाल्याने झडपेतील दाबाचा फरक कमी दिसतो आणि आजाराची तीव्रता चाचणीत प्रत्यक्षाहून कमी भासते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. परंतु ही पथके अंगणवाड्यांत तसेच सरकारी व अनुदानित शाळांत जातात. खासगी शाळांतील मुलांबाबत पालकांनीच दक्ष राहावयास हवे. नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात २०१२ पासून बालहृदयरोगांवर विनामूल्य उपचार केले जातात.

श्रम करताना धाप लागणे, छातीत दुखणे वा भोवळ येणे याकडे दुर्लक्ष करू नये. हा दोष अनुवंशिक असू शकतो. त्यामुळे घरातील एकास तो आढळल्यास आईवडील, भावंडे व मुले यांचीही इकोकार्डिओग्राफी करून घेणे हितावह ठरते.