जुन्या लाँचीच्या गळक्या खिडक्या

कुरकुंभच्या माळावर वाढलेल्या माणसानें लाँचीच्या खिडक्यांविषयीं बोलावें, हें ऐकून श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांस हसूं येईल. पुणें-सोलापूर रस्ता आणि दौंड-बारामती रस्ता जेथें एकमेकांस छेदतात, तें हें गांव. लोक येथें फिरंगाई देवीच्या दर्शनाला येतात, पाणी पाहावयाला नव्हे. उत्तरेस दौंडला भीमा आहे, आणि पूर्वेकडे भिगवणच्या बाजूला उजनी धरणाचें पाणी पसरलेलें आहे. त्या पाण्यावर मासेमारीच्या होड्या पुष्कळ. पण त्या उघड्या. छप्परच नाहीं, तेथें खिडकी कोठून असणार?

माझा या विषयाशीं संबंध आला तो रेवदंड्याच्या माझ्या मेहुण्यांमुळें. खाडींतून माणसें व सामान नेण्याच्या कामाची एक जुनी लांकडी लाँच त्यांच्याजवळ आहे. तिला बसक्या छपराची केबिन आणि दोन्ही बाजू मिळून आठ खिडक्या. तीन वर्षें ते या खिडक्यांशीं झगडत होते. दर वर्षीं कांचेच्या कडेनें बाहेरून कसलें तरी भरण फांसलें जाई, आणि दर वर्षीं पहिल्या सरीबरोबर आंतल्या बांकावर पाणी ठिबके. शेवटीं त्यांनीं मला लिहिलें कीं, लाँच मोडींत काढावी असें मनांत येतें. तुमची हयात घरांच्या दारांखिडक्यांच्या कामांत गेली आहे, तेव्हां एकदां पाहून जा.

मी गेलों तो बरोबर घरच्या खिडक्यांचें लुकण घेऊन, आणि पहिल्याच दिवशीं माझें अज्ञान उघडें पडलें. खडूची भुकटी जवसाच्या तेलांत मळून केलेलें हें लुकण कालांतरानें दगडासारखें होतें. कुरकुंभला तें चालतें. कारण तेथील भिंत जागची हलत नाहीं, आणि वर्षांत वीस इंच पाऊस पडेल अशीहि खात्री नसते. लाँच मात्र धक्क्याला नुसती बांधून ठेवली तरी लाटेबरोबर किंचित् पिळवटते. चौकट आणि बाजूची फळी यांच्यामधील भरण जर या हालचालीबरोबर ताणलें व दाबलें गेलें नाहीं, तर त्याला केसाएवढी भेग पडते. अशी बारीक भेग पाणी आपण होऊन आंत ओढून घेते. कंदिलाची वात तेल वर ओढते, तोच हा प्रकार.

बांकावर चार थेंब पडले तर बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. बांक पुसतां येतो. पण जें पाणी बांकापर्यंत पोंचत नाहीं, फळीच्या पोटांत मुरतें, तें घातक. समुद्रांत लांकडाला किडा पोखरतो हें खरें. परंतु लांकूड कुजविणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाहीं, पावसाचें गोडें पाणी मानवतें. म्हणून जुन्या लाँचीचा तळ शाबूत आणि केबिनीची भिंत मात्र भुसभुशीत, असें दृश्य पुष्कळ वेळां दिसतें. त्यांतून पावसाळ्यांत लाँच किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. ज्या महिन्यांत खिडक्या सर्वांत अधिक गळतात, नेमक्या त्याच महिन्यांत आंत कोणी पाऊल टाकीत नाहीं. उलट, लांकडांत पाणी मुरूं दिलें नाहीं आणि वेळच्या वेळीं डागडुजी केली, तर चांगलें सागवान किती टिकतें पाहा: मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर तरंगते आहे.

आम्हीं प्रथम गळतीचा उगम शोधावयाचें ठरविलें. मेहुणे विजेरी घेऊन आंत बसले. मी बाहेरून झारीनें पाणी सोडूं लागलों. यांत क्रम महत्त्वाचा आहे. आधीं खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, आणि सर्वांत शेवटीं छप्पर. वरून आरंभ केला तर पाणी सगळीकडून ओघळतें आणि कांहींच कळत नाहीं. प्रत्येक ठिकाणीं पांचसात मिनिटें तरी थांबावें लागतें. कारण पाणी आंत शिरल्यावर वळणें घेत घेत, सावकाश बाहेर येतें.

निकाल असा लागला कीं, आठांपैकीं तीन खिडक्यांचा दोष एवढाच होता कीं, सरकत्या कांचेखालच्या पन्हळींतलीं पाणी जाण्याचीं भोकें धुळीनें व मिठानें बुजलीं होतीं. तारेच्या तुकड्यानें तीं मोकळीं झालीं. त्यांपैकीं एक भोंक तर मेहुण्यांनीं स्वतःच, गळती थांबावी म्हणून, भरणानें बंद केलें होतें! दुसऱ्या दोन खिडक्या सर्वस्वी निर्दोष निघाल्या. छपरावर हात धरण्यासाठीं जो दांडा असतो, त्याच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी शिरे, छपराच्या आंतल्या अस्तरावरून वाहत जाई आणि खिडकीच्या डोक्यावर प्रकट होई. या दोहोंवरच भरणाचे थर सर्वांत जाड होते. खऱ्या अपराधी राहिल्या त्या तीन.

या तिन्हींच्या चौकटी आम्हीं बाहेर काढल्या. येथें धीर लागतो. जुनें भरण पातळ सुरीनें कापीत जावें, पहारेनें उचकटूं नये. आमच्या चौकटी अल्युमिनियमच्या, आणि कोणीं तरी पूर्वीं त्यांना साधे लोखंडी स्क्रू मारलेले. खाऱ्या हवेंत दोन भिन्न धातु एकत्र आले म्हणजे त्यांतला एक दुसऱ्याचा घांस घेतो. स्क्रूंभोंवतीं अल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती. चौकटी निघाल्यावर मीं फळीच्या कडेला आरी टोंचून पाहिली. दोन ठिकाणीं ती अडली. तिसऱ्या ठिकाणीं चार बोटें आंत गेली.

दुरुस्ती कीं नवी खिडकी, हा प्रश्न येथें सुटतो, तत्पूर्वीं नाहीं. कांच धड आहे, चौकट सरळ आहे, कोपऱ्यांचे सांधे पक्के आहेत, तर तीच खिडकी पुन्हां बसवावी. चौकट खाऊन गेली असेल तरच नवी घ्यावी. आणि फळी कुजली असेल, तर खिडकी नवी असो वा जुनी, आधीं टणक लांकूड लागेपर्यंत कुजका भाग कापून काढून तेथें नवा तुकडा जोडला पाहिजे. कुजक्या फळींत बसविलेली महागाची खिडकी हा पैशाचा शुद्ध अपव्यय होय.

मेहुण्यांची इच्छा होती कीं, एवींतेवीं काढल्याच आहेत, तर हल्लीच्या बोटींसारख्या मोठ्या खिडक्या कराव्या. मीं विरोध केला. एक घनमीटर पाण्याचें वजन एक टन. अशी लाट अंगावर आली तर कांच जितकी मोठी तितकें संकट मोठें. दुसरें असें कीं, प्रसंगीं खिडकी ही बाहेर पडण्याची वाट असते. उघडणारी खिडकी कायमची चिकटवून टाकणें मला तरी मान्य नाहीं.

कांचेऐवजीं ॲक्रिलिकचा तक्ता घालण्याची सूचना कारागिरानें केली. हा तक्ता हलका असतो व सहसा फुटत नाहीं. परंतु उष्णतेनें तो फार वाढतो. एक मीटर लांबीचा तक्ता तीस अंश तापला तर सुमारें दोन मिलीमीटर वाढेल. कांच पाव मिलीमीटरच्या आसपास. म्हणून त्याला स्क्रूपेक्षां मोठीं भोकें ठेवावीं लागतात. थिनर किंवा स्पिरिट लागलें कीं त्याला बारीक तडे जातात, आणि पॉलिसल्फाइडचें भरणहि त्याला सोसत नाहीं. सिलिकोन त्याला चालतें. पण सिलिकोनचा ओशट अंश मागें राहिला तर त्यावर रंग धरत नाहीं. आम्हीं जुनी कांचच ठेवली आणि कधींच दगड न होणारी ब्यूटिल रबराची चिकट फीत वापरली.

हें सारें काम चैत्र-वैशाखांत केलें. उघडी फळी गोड्या पाण्यानें धुऊन तीन आठवडे उन्हांत वाळूं दिली. स्क्रूंचीं भोकें मोठीं करून इपॉक्सीनें भरलीं, मग त्यांतच नवीं पाडलीं, म्हणजे स्क्रूजवळ पाणी शिरलें तरी लांकडाला लागत नाहीं. शेवटीं चौकट बसवितांना स्क्रू बेतानेंच आवळले. भरण सगळीकडून सारखें बाहेर डोकावलें कीं थांबावें. जोर करून आवळल्यास तें सगळें बाहेर पिळून येतें, आणि ताणलें जावयाला मध्यें कांहीं उरतच नाहीं. हात शिवशिवतो, पण आवरावा लागतो.

नारळी पौर्णिमेनंतर मेहुण्यांचें पत्र आलें. सात खिडक्या कोरड्या आहेत. आठवी मात्र, वारा नैर्ऋत्येकडून जोराचा असला म्हणजे, अजून दोनचार थेंब देते. तिच्यावर बाहेरून कांहीं फांसूं नका, असें मीं उलट टपालीं कळविलें आहे. चैत्रांत ती पुन्हां काढून पाहूं.