रोम्मेहेद आणि फालुन : दालार्नाच्या पायदळाची दोन ठाणी

स्टॉकहोमच्या वायव्येला, नॉर्वेच्या सीमेपर्यंत पसरलेला दालार्ना हा जंगलांचा, तळ्यांचा आणि खाणींचा प्रांत आहे. स्वीडनच्या राज्यसत्तेला या प्रांताने दोन गोष्टी भरभरून दिल्या : तांबे आणि माणसे. तांबे फालुनच्या खाणीतून निघाले. माणसे ‘दालरेगेमेंतेत’ या पायदळ रेजिमेंटमध्ये भरती झाली. प्रांताच्या निळ्या ढालीवरचे दोन आडवेतिडवे सोनेरी बाण हेच या रेजिमेंटचेही चिन्ह. फालुन शहर आणि बोरलेंगेजवळचे रोम्मेहेद हे माळरान या ठिकाणी तिचा इतिहास आजही पाहता येतो.

रेजिमेंटची स्थापना १६२१ची मानली जाते, पण दालार्नाच्या शेतकऱ्यांनी शस्त्र हाती धरले ते त्याआधीच. १५२१ साली गुस्ताव वासाने डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्याच्यामागे पहिल्यांदा उभे राहिले ते याच प्रांतातले लोक. पुढे तोच गुस्ताव राजा झाला आणि त्याने करांचा बोजा वाढवला, तेव्हा हेच लोक त्याच्याविरुद्धही उठले. या रेजिमेंटचा स्वभाव समजून घ्यायचा, तर राजनिष्ठा आणि बंडखोरी यांची ही एकाच मातीतली जोडी लक्षात ठेवावी लागते.

सतराव्या शतकात स्वीडन युरोपातली मोठी लष्करी सत्ता बनला. त्या युद्धांच्या खर्चाचा मोठा भार फालुनच्या तांब्याने उचलला. त्या शतकाच्या ऐन भरात युरोपातले बहुतांश तांबे या एकाच खाणीतून येत होते. १६४४ साली आवेस्ताच्या टांकसाळीत फालुनच्या तांब्यातून दहा दालर किमतीचे पत्र्यासारखे चौकोनी नाणे पाडले गेले. एका नाण्याचे वजन वीस किलोंच्या आसपास होते.

सैनिक पोसायला मात्र नुसता पैसा पुरेसा नव्हता. अकराव्या कार्ल राजाने १६८०च्या दशकात जी व्यवस्था देशभर पक्की केली, ती बलुत्याच्या वळणाची होती. काही शेतघरांचा मिळून एक गट पाडला जाई. त्या गटाने एक सैनिक उभा करायचा आणि सांभाळायचा. त्याला राहायला झोपडी, कसायला जमिनीचा तुकडा आणि वर्षाचा ठरलेला मोबदला गावानेच द्यायचा. शांततेच्या काळात तो शेतीच करी. रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या आवारात कवायत होई. तुकड्यांना नावेही गावांचीच होती : मूरा, ओर्सा, लेक्सांद, रेत्विक. एकाच तुकडीत दहा जण आंदेर्स निघत. त्यामुळे प्रत्येकाला ‘रास्क’, ‘मूदिग’ असे सुटसुटीत लष्करी नाव मिळे. पुष्कळदा ते नाव माणसापेक्षा गटालाच चिकटून राही. जुना सैनिक गेला, की नवा माणूस त्याच्या झोपडीबरोबर त्याचे नावही घेई.

सैनिक पडला किंवा कैद झाला, तर त्याच्या जागी दुसरा देणे गटाला बंधनकारक होते. कागदावर साध्या वाटणाऱ्या या अटीची खरी किंमत रशियाविरुद्धच्या उत्तरेच्या महायुद्धात कळली. बाराव्या कार्ल राजाच्या सैन्यातून ही रेजिमेंट १७०० साली नार्वाच्या लढाईत जिंकली आणि पुढे पोलंडमार्गे युक्रेनपर्यंत गेली. २८ जून १७०९ला, त्या वेळच्या स्वीडिश पंचांगाप्रमाणे, पोल्तावाची लढाई झाली. रशियनांनी रणांगणावर मातीच्या गढ्यांची रांग उभारली होती. त्यांना बगल देऊन पुढे सरकायचे, असा स्वीडिश सेनापतींचा बेत होता, पण जनरल रूसच्या तुकड्यांपर्यंत तो नीट पोहोचलाच नाही. दालार्नाचे पायदळ याच तुकड्यांत होते. पहिल्या दोन गढ्या घेतल्यावर ते तिसरीवर पुन्हापुन्हा चालून गेले. तटावर चढायला शिड्या नव्हत्या. सुमारे २६०० जणांपैकी हजाराहून अधिक तिथेच पडले. रेजिमेंटचा कर्नल सीग्रोत याला प्राणघातक जखमा झाल्या. मुख्य सैन्यापासून तुटलेल्या उरलेल्यांना त्याच दिवशी शरण जावे लागले. स्वीडिश कैद्यांपैकी अनेकांची पुढची वर्षे सायबेरियापर्यंतच्या बंदिवासात गेली.

इकडे दालार्नात त्याच शेतघरांनी दुसरे सैनिक उभे केले. १७१२ साली गादेबुशच्या विजयात रेजिमेंट पुन्हा लढली. ते सैन्य १७१३ साली ट्योनिंगला शरण गेले, तेव्हा गावांवर पुन्हा तोच भार आला. एवढ्याशा लोकवस्तीने हे सोसले, याचे मोल कुठल्याही विजयापेक्षा मोठे मानायला हवे.

पण सोसण्यालाही सीमा होती. १७४१ साली रशियाविरुद्ध छेडलेले युद्ध गैरव्यवस्थेमुळे अंगाशी आले. १७४३च्या उन्हाळ्यात दालार्नाचे हजारो शेतकरी थेट राजधानीवर चालून गेले, आणि त्यांच्यात रेजिमेंटचे सैनिकही होते. हरलेल्या सेनापतींना शिक्षा करा आणि डेन्मार्कच्या युवराजाला वारस नेमा, या त्यांच्या मागण्या होत्या. आज गुस्ताव आदोल्फच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकात २२ जूनला सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला आणि उठाव मोडला.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रोम्मेहेद हे रेजिमेंटच्या सरावाचे मुख्य ठिकाण झाले. बोरलेंगेच्या दक्षिणेला, स्तूरा तूना भागातले हे सपाट माळरान त्यासाठी सोयीचे होते. दूरदूरच्या गावांतून सैनिक उन्हाळी शिबिरासाठी इथे पायी येत. एरवी गावोगावी विखुरलेली रेजिमेंट अखंड दिसे ती इथेच. शिबिराच्या काळातल्या अनेक इमारती या ठिकाणी अजून उभ्या आहेत.

१९०१ साली स्वीडनने जुनी व्यवस्था मोडीत काढून सक्तीची लष्करी सेवा पूर्णपणे स्वीकारली. झोपडीत राहणाऱ्या शेतकरी सैनिकाची जागा कोवळ्या तरुणांनी घेतली. त्यांना महिनोन्महिने शिकवायचे, तर उन्हाळी माळ पुरणार नव्हता, पक्क्या बराकी हव्या होत्या. म्हणून १९०८ साली रेजिमेंट फालुनला हलली. खाणीच्या उरलेल्या मातीपासून बनणाऱ्या लाल रंगाने रंगवलेल्या लाकडी घरांच्या या शहराला छावणीचे रूप आले. १९४० साली जर्मनीने शेजारच्या नॉर्वेवर हल्ला केला, तेव्हा सीमेवरच्या या प्रांतात मोठी सज्जता ठेवावी लागली. स्वीडन मात्र युद्धाबाहेर राहिला. १८१४नंतर तो कोणत्याही युद्धात उतरलेला नव्हता.

शीतयुद्ध संपल्यावर सैन्यकपातीची लाट आली. फालुनची खाण १९९२ साली बंद झाली होती. २००० साली रेजिमेंटही बंद झाली. पुढच्याच वर्षी खाण आणि तिचा परिसर जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. प्रांतात लष्कराचे अस्तित्व उरले ते मुख्यतः गृहरक्षक दलाच्या प्रशिक्षणापुरते.

रशियाच्या आक्रमक हालचालींमुळे स्वीडनला पुन्हा विचार करावा लागला. २०१४ साली क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेला, आणि २०१७ साली स्वीडनने स्थगित केलेली सक्तीची लष्करी सेवा परत आणली. डिसेंबर २०२०मध्ये तिथल्या संसदेने काही बंद रेजिमेंट पुन्हा उभारण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार दालरेगेमेंतेत २०२२ साली फालुनमध्ये पुन्हा सुरू झाली. आता सक्तीच्या सेवेत दाखल होणाऱ्या तरुण-तरुणींना इथे पायदळाचे प्रशिक्षण मिळते.