लोखंडालाच ओळखणारा कान

यवतमाळच्या दुर्गोत्सवातली मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की एप्रिलमध्ये रात्रभर चालणारी भीमगीतांची मैफल, गर्दीच्या आणि ढोलाच्या वरून एक तार आपला गळा काढतेच. तो बेंजो. अमेरिकेतला कातडी मढवलेला बॅन्जो वेगळा. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. त्याचा पूर्वज जपानचा. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 1912 साली ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य काढलं. ते भारतात आलं, बुलबुलतरंग झालं, आणि तारांखाली पिकअप नावाची पट्टी बसल्यावर थेट भोंग्यातून बोलू लागलं.

मिरवणूक चौकात थांबली की एखादं पोट्टं वाजवणाऱ्याला विचारतंच, “काका, आज आवाज बारीक काहून येऊन राह्यला?” काका खिशातून पेचकस काढतात, तारांखालच्या पट्टीचा स्क्रू अर्धा फेरा पिळतात, एक तार छेडतात, मान हलवतात आणि उलटा पाव फेरा देतात. आवाज भरून येतो. आवाज मोठा करणाऱ्या मशीनवरचं एकही बटण हललेलं नसतं. मग बदललं काय?

याचं उत्तर इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये जास्त स्पष्ट दिसतं, कारण कुटुंब एकच आहे. आधी एक गंमत करून पाहा. मशीनला जोडलेल्या गिटारच्या पिकअपसमोर तोंड नेऊन जोरात बोला. भोंगा जवळजवळ गप्पच राहील. आता प्रयोगशाळेतला पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटून पिकअपला न टेकवता त्याच्या अगदी जवळ धरा. भोंगा स्वच्छ सूर देईल. मग पोलादी तारांऐवजी नायलॉनच्या तारा चढवा. बोटांना तार थरथरताना जाणवेल, पण भोंगा पुन्हा मुका.

म्हणजे पिकअप आवाज ऐकतच नाही! हवेतल्या लाटा पकडायचं काम मायक्रोफोनचं. पिकअपला कळतं ते एवढंच, की जवळपास कुठेतरी लोखंड हललं. त्याच्या पोटात लोहचुंबक असतो आणि चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक वरच्या पोलादी तारेलाही किंचित चुंबक बनवून ठेवतो. तार थरथरली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र थरथरतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तांब्यात वीज जागी होते. मायकेल फॅरेडेने हे 1831 साली दाखवलं. बरोबर शंभर वर्षांनी, 1931 मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बोशां यांनी तेच तत्त्व वापरून गिटारचा पिकअप केला. त्यातून आलेल्या गिटारचा आकार असा की लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीच म्हणू लागले.

वेटोळ्याचा हिशोब ऐकला की हातातल्या त्या चिमुकल्या पट्टीकडे बघण्याची नजर बदलते. स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे ‘स्ट्रॅट’ जातीच्या गिटारमधल्या एका पिकअपवर साधारण 8000 वेढे असतात. तार 0.06 मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढी. उलगडून सरळ केली तर लांबी भरते एक किलोमीटरच्या वर. एवढा पसारा बोटभर लांबीच्या जागेत! आणि त्यातून निघणारी वीज किती, तर एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्या कणभर विजेवर अख्खा चौक नाचतो.

आता काकांच्या स्क्रूकडे परत येऊ. चुंबकापासून जसजसं दूर जावं तसतसा त्याचा जोर फार झपाट्याने ओसरतो. म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानाला कळतो. पिकअप तारेजवळ आणला की आवाज मोठा आणि धारदार होतो. खाली उतरवला की तो मऊ होतो, मोकळा श्वास घेतो. मग अगदी चिकटवूनच का ठेवू नये? कारण चुंबकाला तार कळते तशीच तो ती ओढतोही. फार जवळ गेला तर तो तारेच्या मोकळ्या झोक्यात पाय घालतो. सूर डळमळतो, एकाच तारेतून दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात, नाद लवकर विझतो. कितीतरी जण अशा वेळी गिटारच बिघडली म्हणून नवी घ्यायला निघतात. औषध असतं पेचकसाच्या दोन फेऱ्यांत.

सुरुवात कुठून करायची, याचं साधं माप आहे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेपासून पिकअपच्या खुंटीपर्यंतचं अंतर मोजा. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपला जाड तारेकडे सुमारे 2.4 मिलिमीटर आणि बारीक तारेकडे 2 मिलिमीटर अंतर ठेवतात. जाड तारेत लोखंड जास्त, म्हणून तिला थोडं लांब बसवायचं. तिथून पुढे पाव-पाव फेरा द्यायचा आणि दर फेऱ्याला ऐकायचं.

एकाच गिटारवर दोन-तीन पिकअप का असतात, हे कोडंही इथेच सुटतं. घोडीजवळ तार जेमतेम हलते. तिथे बारीक, टोकदार उपस्वरांचा वाटा मोठा, म्हणून घोडीजवळचा पिकअप खणखणीत बोलतो. मानेकडे तार मोकळी झुलते, म्हणून तिकडचा पिकअप गोल आणि गरम बोलतो. स्ट्रॅटवर मानेजवळचा पिकअप घोडीपासून खुल्या तारेच्या साधारण चौथ्या हिश्शावर येतो. ताणलेली तार एकाच वेळी अनेक तुकड्यांत थरथरत असते, आणि चार तुकड्यांत थरथरणारा उपस्वर नेमका याच जागी स्थिर असतो. तो तारेत आहे, पण पिकअपच्या डोळ्यांपुढे हलतच नाही, म्हणून भोंग्यात जवळजवळ येतच नाही. तार तीच, छेडणारं बोटही तेच. कुठे उभं राहून पाहिलं, त्यावर तिचा स्वभाव ठरला.

या चुंबकी कानाची एक खोड मात्र फार जुनी. घराघरातली वीज सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे धावते. तिचंही चुंबकीय क्षेत्र असतं, आणि वेटोळ्याला तार कुठली, ट्यूबलाइटचा चोक कुठला, हे समजत नाही. म्हणून ती सततची ‘हूं’. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 साली यावर सुंदर तोड काढली. वेटोळी दोन घेतली, एकाचे वेढे उलटे, आणि त्याच्या चुंबकाचं तोंडही उलटं. तारेकडून येणारी वीज दोनदा उलटून सुलटी होते आणि दोन्हींकडची मिळून वाढते. बाहेरची गुणगुण मात्र एकदाच उलटते, आणि दोन्ही बाजूंना सारखेच गडी असलेल्या रस्सीखेचीसारखी जागच्या जागी थिजते. हाच हंबकर.

मग पिकअप बदलावा कधी? उंची लावून पाहिली, केबल बदलून पाहिली, तरी हवा तो स्वभाव सापडत नसेल तेव्हा. केबलचं नाव मुद्दाम घेतलं. लांबलचक केबल वरचे तेजस्वी उपस्वर वाटेतच गिळते. 10 मीटरच्या जागी 3 मीटरची लावली की मरगळलेली गिटार कधी कधी आपोआप जागी होते. नवा पिकअप निवडताना ‘जास्त वेढ्यांचा घ्या, दणका जास्त’ असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. वेढे वाढले की आवाज मोठा होतो, पण झळाळीची जागा खाली सरकते आणि नाद जाडसर होतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागचा पॉटही जोडीला पाहावा लागतो. एका वेटोळ्याच्या पिकअपला बहुधा 250 किलोओहमचा, हंबकरला 500 चा. आणि जुना काढण्याआधी कुठली वायर कुठे होती, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत गेल्यावर सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

यातली एक वायर आम्हा कापसाच्या मुलखातल्यांना ओळखीची वाटते. जुन्या घडणीच्या गिटारमध्ये पिकअपपासून पॉटपर्यंत जाणाऱ्या वायरीवर मेण पाजलेलं सुती विणकाम असतं. मेण तर वेटोळ्यालाही पाजतात. केसाएवढ्या तारेचे वेढे सैल राहिले, तर ते स्वतःच थरथरू लागतात आणि मशीनसमोर पिकअप किंचाळतो. असा सैल पिकअप तुमचं बोलणंही भोंग्यात पोचवतो. म्हणजे ज्याने ऐकू नये ते ऐकायला लागला, की तो बिघडला!

सुताचं मोल मिरजेच्या कारागिरांना विजेच्या फार आधीपासून ठाऊक आहे. तिथल्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, त्याला जीवा म्हणतात. धागा केसभर पुढे-मागे झाला की ठोकळ तार अचानक झंकारू लागते, सगळे उपस्वर उमलून येतात. जीवा लावणारा कुठल्याच मापाने मोजत नाही. तो धागा सरकवतो, तार छेडतो, पुन्हा सरकवतो.

चौकातले काकाही तेच करतात. पाव फेरा, तार, कान. मिरवणूक पुढे सरकायची घाई करते, पोट्टे ओरडतात, ढोलवाला टिपरू उगारून उभा असतो. काका मात्र आणखी एकदा तार छेडतात, पेचकस खिशात टाकतात आणि मगच पहिलं बटण दाबतात.