संकल्पाचा हप्ता

जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे संकल्पांची सुगी. आमच्या रहिमतपुरात या दिवसांत पहाटे फिरायला निघालं की नवे बूट, नवे मफलर आणि नवा उत्साह रस्त्यात भेटतो. संक्रांतीचा तिळगूळ संपता संपता ही गर्दी ओसरते आणि नेहमीची चार डोकी तेवढी उरतात. घरोघरच्या डायऱ्यांचंही तसंच. पहिली दहा पानं सुवाच्य अक्षरात, पुढं धोब्याचा हिशेब.

ही माणसं आळशी असतात का? मुळीच नाही. त्यांचा संकल्पच अर्धवट मांडलेला असतो.

मी बँकेत लागलो तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. १९८९ पासून ते ३१ मार्चवर गेलं. त्यामुळे जग नव्या वर्षाचं स्वागत करायचं, तेव्हा आम्ही खतावण्या जुळवत बसलेलो असायचो. 'यंदा खूप बचत करीन' असं म्हणून बँकेत खातं उघडता येत नाही. किती, कधी आणि कुठवर, हे अर्जात लिहावंच लागतं. १९२८ साली उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं पिग्मी ठेव सुरू केली, ती रोजच्या दोन आण्यांवर. पुढे ही बँक सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. आज आपल्या गावोगावच्या पतसंस्थांत पिग्मी रुळली आहे, कारण दोन आणे रोज बाजूला काढणं गरिबालाही जमतं.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होतं. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सोडायला लावतात, तो नीट ऐका. त्यात संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वार सांगतात, स्थळ सांगतात, करणाऱ्याचं गोत्र आणि नाव घेतात. मगच काय करणार ते येतं. आपल्या 'तब्येत सांभाळायची' या संकल्पात ना वार, ना वेळ.

माझ्या एका शाखेत भाजी विकणाऱ्या एक मावशी यायच्या. खातं अंगठ्याचं, त्यामुळे चेकबुक नाही. पैसे काढायचे तर स्वतः यायचं, फोटो पडताळायचा, सगळ्यांदेखत शाईत अंगठा बुडवायचा. एका दिवाळीनंतर मावशी म्हणाल्या, "सायेब, संक्रांतीला मी अंगठा लावायची न्हाई." त्यांचं, नवऱ्याचं आणि आडनाव मिळून अकरा अक्षरं होत होती. दर बाजारच्या दिवशी आमचा शिपाई जुन्या स्लिपच्या पाठीवर एक अक्षर काढून द्यायचा आणि मावशी पुढच्या बाजारापर्यंत ते गिरवायच्या. मध्ये एक बाजार तापानं चुकला. मला वाटलं, संपलं. पुढच्या खेपेला त्यांनी दोन अक्षरं मागून घेतली.

संक्रांतीच्या आठवड्यात त्यांनी नमुना सहीच्या कार्डावर सही केली. वाकडी होती, पण पूर्ण होती. मग शाईचा डबा हातानं बाजूला सारून म्हणाल्या, "आता ह्यो दुसऱ्याला द्या."

चुकलेल्या हप्त्याची गोष्ट इथं महत्त्वाची आहे. आवर्त ठेवीचा एक हप्ता राहिला तर थोडा दंड पडतो, खातं बंद होत नाही. आपण मात्र दोन दिवस व्यायाम चुकला की संकल्पच मोडीत काढतो.

आमच्याच कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले तीन तालुके होते: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. 'दुष्काळ हटवू' एवढ्या घोषणेवर कुदळ हलत नाही. इथं भर उन्हाळ्यातल्या सुमारे ४५ दिवसांची मुदत होती. कामाला माप होतं, मापाला गुण होते. लोकांनी श्रमदानानं माथ्यापासून पाणी अडवायची कामं केली आणि वेळूनं पहिला क्रमांक पटकावला. त्या ४५ दिवसांत रोज सकाळी ठरायचं ते त्या दिवसापुरतं काम.

साठी ओलांडल्यावर हे मला अधिक पटतं. पुढं किती वर्षं शिल्लक आहेत, त्याचं पासबुक कुणाला मिळत नाही. म्हणून मी वर्षाचा मोठा आकडा मांडत नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते आठ, कादंबरीचं एक पान, एवढंच ठरवतो.

आज रविवार आहे, घरची मंडळी एकत्र असतील. कुणाला वजन उतरवायचं असेल, कुणाला पेटी शिकायची असेल, आजीला परगावच्या नातवाला स्वतःच्या हातानं व्हिडिओ कॉल लावायचा असेल. त्यांना एवढंच विचारा: कोणत्या वारी, किती वाजता? आणि आमच्या शिपायासारखं, त्या वेळी शेजारी बसून एक अक्षर काढून द्यायला तुम्ही मोकळे आहात का, हेही स्वतःला विचारून ठेवा.