गोळी तेव्हाची, फोड आत्ताचे : औषधामुळे कातडी सोलणारा आजार कसा ओळखायचा?

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातल्या पोशेरासारख्या गावात ताप, लाल डोळे आणि अंगावर पुरळ दिसले की पहिला संशय गोवर-कांजिण्यांचा येतो. बहुतेकदा तो खराही असतो. पण रुग्णाने महिनाभरात नवे औषध सुरू केले असेल, तर ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’चीही शंका घ्यायला हवी. हा आजार दुर्मीळ आहे, पण जीवघेणा ठरू शकतो.

फसगत कुठे होते?
औषधाची ही उलटी प्रतिक्रिया लगेच येत नाही. साधारण ४ ते २८ दिवसांनी येते. भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर असताना सुरू केलेली गोळी आणि गावी परतल्यावर आलेले फोड, यांचा संबंध कोण जोडणार?

फिटवरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सल्फा गटातील को-ट्रायमोक्साझोल आणि युरिक ॲसिडवरील ॲलोप्युरिनॉल ही त्यातली नेहमीची नावे. लाखो लोक ती विनात्रास घेतात, त्यामुळे धास्तीने बंद करू नयेत.

धोक्याची खूण कोणती?
तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी जखमा. त्वचा खाजण्यापेक्षा दुखते, फोड येतात, कातडी सुटते. शरीराचा ३० टक्क्यांहून अधिक भाग सोलला गेला, तर त्याला ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ म्हणतात. १९९८ मध्ये कोलकात्यात अनुराधा साहा यांना याच आजाराने गाठले. मुंबईत हलवूनही त्या वाचल्या नाहीत. उपचारांतील हलगर्जीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. अतिप्रमाणात दिलेले स्टेरॉइड हा त्या खटल्यातील कळीचा मुद्दा होता.

मग करायचे काय?
ही लक्षणे दिसताच संशयित औषधाचा पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. १०८ला फोन करा. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय जवळ पडते. मोठ्या उपचारांसाठी पुढे नाशिकला न्यावे लागू शकते, कारण रुग्णाला भाजलेल्या माणसासारखी शुश्रूषा लागते : सलाइन, न चिकटणारी पट्टी, जंतुसंसर्गावर नजर. डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी पहिल्याच दिवसांत हवी. नाहीतर जीव वाचूनही दृष्टी जाऊ शकते.

फोड फोडू नका, त्यावर हळद किंवा पाला लावू नका. गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्या. औषध फिटचे असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण गोळी थांबल्यावर फिट येऊ शकते. कार्बामाझेपिन बाधले असेल, तर बदली म्हणून फेनिटॉइनही चालत नाही.

बरे झाल्यावर त्या औषधाचे नाव केसपेपरवर ठळक लिहून घ्या. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर करता येते.